कुरासाओ, केप वर्दे, फेरो बेटं: चिमुकले देश पात्रता फेरीत नेमकं काय करतात?

डावा विंगर (मूळ धागा)

कॅरिबियनमधलं कुरासाओ बेट २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला पात्र ठरल्यापासून 'जिद्द' आणि 'चमत्कार' छापाचे लेख वाचून कंटाळा आला. त्यातून कळतं एवढंच की वस्ती साधारण दीड लाख, क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. वर्ल्ड कप गाठणारा हा आजवरचा सर्वांत लहान देश, आधी तो मान २०१८ च्या आइसलंडकडे होता. पण हे जमलं कसं, त्याची यंत्रणा कुणीच सांगत नाही.

मला हवंय ते असं:

१. अशा संघात कोण खेळू शकतं, कुणी नाही? नियम काय, आणि कागदात कुठे घोळ होतो?
२. स्पर्धेची रचना आणि रँकिंग यांचा छोट्यांना फायदा होतो की तोटा?
३. मैदानावर काय करतात? 'सगळे मागे उभे राहतात' हे उत्तर नको.
४. हे सगळं कळल्यावर भारताचं काय, हा प्रश्न कुणीतरी काढणारच, तर तोही घ्या. पण शेवटी.

---

झेरॉक्सवाला

पहिला प्रश्न माझा. निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

फिफाचा पाया साधा आहे. ज्या देशाकडून खेळायचं त्याचं कायमस्वरूपी नागरिकत्व हवं, नुसता राहण्याचा परवाना चालत नाही. नागरिकत्व जन्मापासूनचं नसेल, नंतर घेतलेलं असेल, तर चारपैकी एक नातं सिद्ध करावं लागतं: स्वतःचा जन्म त्या भूमीवर, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा, किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा. यातलं काहीच नसेल तर वास्तव्य. दहाव्या वर्षाआधी राहायला गेलेल्याला तीन वर्षं, त्यानंतर गेलेल्याला पाच.

कुरासाओचं प्रकरण जरा वेगळं. नेदरलँड्स अँटिलीस हा जुना घटक १० ऑक्टोबर २०१० रोजी विसर्जित झाला आणि कुरासाओ नेदरलँड्सच्या राज्याअंतर्गत स्वायत्त देश झाला. पासपोर्ट मात्र डचच. मग प्रत्येक डच माणूस कुरासाओकडून खेळू शकेल का? नाही. एकच नागरिकत्व अनेक संघटनांना लागू पडत असेल तिथे फिफा वरची जन्माची-वंशाची-वास्तव्याची अट सक्तीने लावते. म्हणून संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्याच अकादम्यांत तयार झालेले, पण आई-बाप किंवा आजी-आजोबा बेटावरचे. बकुना बंधू ग्रोनिंगेनचे, गोलरक्षक एलॉय रूम नायमेखेनचा. ताहिथ चाँग कुरासाओच्या राजधानीत, विलेमस्टाडमध्ये जन्मला, पण असा तो अपवादच.

म्हणजे शोध प्रतिभेचा नसतो, आजीचा असतो. संघटनेतला एक माणूस युरोपातल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या याद्या चाळतो, आडनावं पाहतो, फोन करतो. केप वर्देने (पश्चिम आफ्रिकेजवळचा बेटांचा देश) तर बचावपटू रॉबेर्तो लोपेश लिंक्डइनवर गाठला. डब्लिनमध्ये जन्मलेला, वडील केप वर्देचे. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला, लोपेशला तो फालतू मेल वाटला आणि त्याने तसाच ठेवला. काही महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली तेव्हा कुठे त्याने भाषांतर करून पाहिलं. पात्रता फेरीत तो त्यांच्या बचावाचा कणा होता.

आता संघ बदलण्याचे नियम. मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नाही, अधिकृत स्पर्धेतल्या सामन्याने जातो. पण २०२० पासून एक खिडकी उघडली आहे: वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने नकोत, शेवटचा सामना खेळताना वय एकवीसच्या आत हवं, त्याला तीन वर्षं उलटलेली हवीत, आणि वर्ल्ड कप किंवा खंडाच्या अंतिम स्पर्धेत मैदानावर उतरलेला नको. बदल एकदाच. आणि अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत खेळाडू कुणाकडूनच खेळू शकत नाही. हे विसरून ऐन सामन्यांच्या तोंडावर अर्ज टाकणाऱ्या संघटना असतात.

घोळ कुठे होतो, त्याची तीन उदाहरणं पुरेत.

इक्वेटोरियल गिनीचा कर्णधार एमिलिओ एन्सुए. आफ्रिकी चषकात पाच गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि मे २०२४ मध्ये फिफाने सांगितलं की हा खेळाडू पात्रच नव्हता. स्पेनच्या वयोगट संघांकडून खेळला होता आणि बदलाची रीतसर परवानगी कधी मिळालीच नव्हती. २०१३ पासून खेळत होता! पात्रता फेरीतले दोन जिंकलेले सामने ०-३ असे गेले.

मलेशियाचं प्रकरण याहून वाईट. जून २०२५ मध्ये त्यांनी व्हिएतनामला ४-० हरवलं. सप्टेंबरमध्ये फिफाने सात खेळाडूंवर एक-एक वर्षाची बंदी घातली आणि संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड केला. जोडलेल्या जन्मदाखल्यांत आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचं होतं. फिफाने मूळ नोंदी काढल्या तर ती मंडळी अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स, स्पेनमध्ये जन्मलेली निघाली. धडा एकच, दाखला ज्या कार्यालयात मुळात नोंदला गेला तिथून काढायचा. एजंटने आणून दिलेल्या प्रतीवर शिक्का मारायचा नाही.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं. २०१८ च्या पात्रता फेरीत बोलिव्हियाने पॅराग्वेमध्ये जन्मलेला नेल्सन काब्रेरा राखीव म्हणून उतरवला. पाच वर्षं वास्तव्याची अट पुरी नव्हती. चिलीने तक्रार केली, ०-० चा सामना ३-० झाला, चिलीला दोन गुण जास्तीचे मिळाले. पण त्याच खेळाडूमुळे पेरूलाही हरलेल्या सामन्याचे तीन गुण मिळाले. शेवटी दोघांचे २६-२६ गुण झाले, गोलफरकावर पेरू पुढे गेला आणि चिली घरी बसला.

---

डावा विंगर

मस्त. 'शोध आजीचा असतो' हे भिंतीवर लिहून ठेवतो. पण मग हा आयात संघच झाला ना? डच ब संघ?

---

झेरॉक्सवाला

आयात म्हणा हवं तर. फक्त ज्यांना पहिली पसंती मिळते ते नेदरलँड्सकडून खेळतात, हे आहेत उरलेले. आणि उरलेले गोळा करणं हेच कौशल्य आहे. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत, तिच्याकडे कुरासाओपेक्षा कितीतरी मोठा साठा आहे, तरी वर्षानुवर्षं काही उपयोग नव्हता. कारण त्यांच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नव्हतं. २०१९ मध्ये त्यांनी 'क्रीडा पासपोर्ट' आणला. सुरिनामी वंशाच्या खेळाडूला डच नागरिकत्व न सोडता सुरिनामकडून खेळता येतं. संघ एकदम बदलला.

---

गुणतक्ता

दुसरा प्रश्न माझा. आकडे आहेत, चहा घेऊन बसा.

आधी जागा. ४८ संघांच्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेला थेट ९, आशियाला ८, ओशनियाला १, युरोपला १६. उत्तर-मध्य अमेरिकेला ३, शिवाय यजमान म्हणून अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. हे 'शिवाय' नीट पाहा. नेहमी वरच्या जागा खाणारे तिन्ही दांडगे पात्रता फेरीतच नव्हते. अंतिम टप्प्यात १२ संघ, चार-चारचे तीन गट, प्रत्येक गटविजेता थेट आत. कुरासाओच्या गटात जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो आणि बर्म्युडा. असा गट पुन्हा मिळेलच असं नाही.

पण गट सोपा म्हणून काम झालं असं नाही. आधीच्या टप्प्यात कुरासाओने चारही सामने जिंकले होते, त्यात हैतीला ५-१. अंतिम टप्प्यात तीन विजय, तीन बरोबरी, एकूण १२ गुण. दहा सामन्यांत एकही हार नाही. बर्म्युडाला परक्या मैदानावर ७-० हरवलं, त्याच दिवशी जमैकाने त्रिनिदादमध्ये १-१ वर दोन गुण सोडले. त्यामुळे १८ नोव्हेंबर २०२५ ला जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, कुरासाओ ११, जमैका १०, आणि कुरासाओला नुसती बरोबरी पुरेशी होती. सामना ०-० सुटला. जमैकाचे तीन फटके खांबाला लागले, भरपाई वेळेत मिळालेली पेनल्टी व्हीएआरने (व्हिडिओ पाहून फेरतपासणी) रद्द केली. नशीब? आहेच. पण बरोबरी पुरेल अशा जागी येऊन बसणं हे आधीच्या पाच सामन्यांचं काम होतं.

गोलफरक किती महागात पडतो ते शेजारच्या गटांत दिसलं. दुसऱ्या क्रमांकावरच्या सर्वोत्तम दोन संघांना आंतरखंडीय प्ले-ऑफ (उरलेल्या जागांसाठीची बाद फेरी) होता. सुरिनाम आणि होंडुरास दोघांचे ९ गुण, दोघांचा गोलफरक +३. सुरिनामचे गोल ९, होंडुरासचे ५, म्हणून सुरिनाम. त्यातला एक गोल शेवटच्या सामन्यात १-३ अशी हार होताना, भरपाई वेळेत, ग्वाटेमालाने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. सामना गेलाच आहे म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी हा तक्ता पाहावा.

केप वर्देची वाट वेगळी. आफ्रिकेत सहा-सहाचे नऊ गट, फक्त पहिला आत. कॅमेरून, लिबिया, अंगोला, इस्वातिनी, मॉरिशस असा गट. दहा सामन्यांत ७ विजय, २ बरोबरी, १ हार, २३ गुण, कॅमेरून १९. ती एकमेव हार कॅमेरूनमध्ये ४-१ अशी सणसणीत होती. परतीचा सामना घरी, प्रायामध्ये ९ सप्टेंबर २०२५ ला १-० जिंकला, गोल दायलोन लिव्रामेंतोचा. आणि १३ ऑक्टोबरला इस्वातिनीला ३-० हरवून काम फत्ते. इथे खरी कमाई तळाच्या संघांना एकही गुण न देण्यात आहे. कॅमेरूनने नेमके ते दिले.

आता रँकिंग. २०१८ पासून फिफाचं सूत्र असं: नवे गुण = जुने गुण + महत्त्व × (निकाल − अपेक्षा). निकाल म्हणजे विजय १, बरोबरी ०.५, हार ०. अपेक्षा = १ ÷ (१० चा घात (प्रतिस्पर्धी वजा आपण ÷ ६००) + १). महत्त्व: ठरलेल्या कालखंडातला मैत्रीपूर्ण सामना १०, नेशन्स लीगचा (ताकदीनुसार श्रेणी पाडून होणारी स्पर्धा) गटसामना १५, पात्रता सामना २५.

उदाहरण करून बघा. आपण ११००, समोरचा १५००. अपेक्षा येते ०.१८. पात्रता सामना हरलो तर साधारण ४.४ गुण जातात, बरोबरी केली तर ८ मिळतात, जिंकलो तर २०.६. आणि हार ०-१ असो की ०-१०, रँकिंगला फरक शून्य. उलट, आपल्याच ताकदीच्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना हरलो तर ५ गुण गेले. म्हणजे छोट्या संघाला बलाढ्य संघाकडून मार खाणं स्वस्त पडतं, बरोबरीच्या संघाकडून महाग. मैत्रीपूर्ण सामने ठरवणाऱ्या माणसाने हे गणित खिशात ठेवायला हवं, कारण याच गुणांवर ड्रॉचे पॉट ठरतात, म्हणजे ताकदीनुसार पाडलेले कप्पे; प्रत्येक कप्प्यातून गटात एकेक संघ येतो. केप वर्दे दुसऱ्या पॉटमध्ये होता, म्हणून त्याच्या वर एकच संघ आला.

युरोपात आणखी एक मागचं दार आहे, नेशन्स लीग. सान मारिनो, वस्ती ३४ हजारांच्या आसपास. ५ सप्टेंबर २०२४ ला लिख्टनस्टाइनला १-० हरवून त्यांनी पहिला अधिकृत विजय मिळवला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ३-१, आणि गट जिंकला. २०२६ च्या युरोपीय प्ले-ऑफमध्ये चार जागा नेशन्स लीगच्या अशा गटविजेत्यांसाठी होत्या जे पात्रता गटात पहिल्या दोनांत आले नाहीत. चौदा गटविजेत्यांपैकी आठ पहिल्या दोनांत आले. आणखी दोघं आले असते तर पात्रता फेरीत आठपैकी आठ सामने हरलेला, २ गोल केलेला आणि ३९ खाल्लेला सान मारिनो प्ले-ऑफला गेला असता! हसू नका, स्वीडन गटात तळाला राहूनही याच दाराने प्ले-ऑफला गेला.

मात्र युरो स्पर्धेत हे दार छोट्यांना जास्त रुंद असतं. तिथे २०२० आणि २०२४ ला प्ले-ऑफ श्रेणीनिहाय होते. तळाच्या श्रेणीतून उत्तर मॅसिडोनिया २०२० च्या युरोला आला, क श्रेणीतून जॉर्जिया २०२४ ला. वर्ल्ड कपला मात्र सरसकट क्रमवारी, त्यामुळे चारही जागा वरच्यांनीच उचलल्या.

---

पेठेतला स्टॉपर

'आयात' या मुद्द्यावर आधी. उत्तर अटलांटिकमधली फेरो बेटं पाहा. वस्ती ५५ हजारांच्या आत-बाहेर, परदेशात मोठा साठा नाही, संघाचा बराच भाग घरच्या लीगमधून आलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉन्टेनेग्रोला ४-० आणि तीन दिवसांनी चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं. शेवटी १२ गुण. क्रोएशियात जिंकले असते तर आशा जिवंत होती, पुढेही होते १-०, मग १-३ हरले. या देशाने १९९० मध्ये ऑस्ट्रियाला हरवलेला पहिला अधिकृत 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लान्ड्सक्रोनात खेळला होता, कारण बेटांवर गवताचं एकही मैदान नव्हतं. पुढे कृत्रिम गवत आलं आणि वारा-पाऊस असूनही मुलं बाराही महिने चेंडू मारायला लागली. आइसलंडने तेच काम २००० नंतर बंदिस्त सभागृहांतून केलं आणि गावोगावी परवानाधारक प्रशिक्षक नेमले. हा रस्ता पंधरा-वीस वर्षांचा आहे. कुरासाओचा रस्ता दोन वर्षांचा. प्रशिक्षक डिक अॅडव्होकाट जानेवारी २०२४ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संघ आत. कुठला चांगला ते ज्याच्या त्याच्या सोयीवर.

अवांतर: केप वर्देची वस्ती सव्वापाच लाखांच्या घरात, म्हणजे आमच्या कोल्हापूर शहराएवढी. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, प्रॅक्टिस एवढे संघ एका शाहू स्टेडियमवर लीग खेळतात, त्यामुळे वस्ती कमी म्हणून खेळाडू नाहीत हे मला कुणी सांगू नये.

आता मैदान. मुळात सरावाला वेळ किती मिळतो ते बघा. फिफाचा नेहमीचा कालखंड सोमवार ते पुढच्या आठवड्याचा मंगळवार, नऊ दिवस, दोन सामने. त्याबाहेर क्लब खेळाडू सोडायला बांधील नाही. खेळाडू रविवारी क्लबकडून खेळतो, सोमवारी विमान, मंगळवारी पाय मोकळे, बुधवारी खरा सराव, गुरुवारी किंवा शुक्रवारी सामना. म्हणजे पहिल्या सामन्याआधी धड सराव एक, फार तर दोन. त्यात नवी पद्धत शिकवता येत नाही. म्हणून छोटे संघ एकच रचना वर्षानुवर्षं धरतात, बहुतेक ५-४-१ किंवा ४-४-२ (आकडे अनुक्रमे बचाव, मधली फळी आणि आघाडीतल्या माणसांचे), आणि माणूस बदलला तरी जागेचं काम बदलत नाही.

५-४-१ मध्ये बचावफळी पेनल्टी क्षेत्राच्या रेषेच्या आसपास, तिच्या पुढे दहा-बारा मीटरवर चौघं. हे अंतर वाढलं की खेळ संपला. मधल्या पट्टीत मोकळा माणूस वळला की स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) पुढे यावं लागतं, मागे भगदाड पडतं. अंतर वाढतं कधी? साठाव्या मिनिटानंतर, मधल्या चौघांतले बाजूचे दोघं थकले की. सगळ्यात जास्त धावपळ त्यांचीच. म्हणून पाच बदलांपैकी दोन तिथे राखून ठेवायचे, आणि बदल तीनच थांब्यांत करायचे असतात हे विसरायचं नाही. आघाडीवीर दमलेला दिसतो म्हणून त्याला आधी काढणारे प्रशिक्षक ऐंशीव्या मिनिटाला रडतात.

दुसरी चूक म्हणजे गोल खाल्ल्यावर लगेच वर चढणं. ०-१ मागे असताना वीस मिनिटं तसंच राहायचं, शेवटच्या पंधरात कॉर्नर आणि लांब थ्रो-इनवर जोर लावायचा. चेंडू चालू असताना छोट्या संघाला गोल करायची संधी सामन्यात दोन-तीनदा मिळते, थांबलेल्या चेंडूवर सहा-सातदा. म्हणून त्या एकुलत्या सरावातली पंधरा मिनिटं तरी कॉर्नरला द्यायची, आणि त्यातली निम्मी आपला कॉर्नर हुकल्यावर मागे कोण थांबतं यावर. बहुतेक मोठ्या हारींतला तिसरा-चौथा गोल नेमका तिथून आलेला असतो.

वेळ काढण्याची जुनी सोयही गेली आता. जुलै २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला की समोरच्याला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजतो. पूर्वी अप्रत्यक्ष फ्री किकची शिक्षा होती म्हणून कुणी देत नसे, आता देतात. नव्वदाव्या मिनिटाला ०-० असताना फुकटचा कॉर्नर म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि वेळापत्रक. फेरोचे ते दोन्ही विजय घरी, तोर्शाव्हनमध्ये, लागोपाठ. मधे विमानप्रवास नाही, हॉटेल बदल नाही, तेच मैदान. तीस धड खेळाडू नसलेल्या संघाला तीन दिवसांत दोन सामन्यांसाठी माणसं फिरवता येत नाहीत, झोप आणि पाय वाचवता येतात तेवढेच.

पण घरचं मैदान मिळणंच मुळात अवघड. खंडाच्या संघटनेने स्टेडियम मंजूर केलं नाही तर सामना शेजारच्या देशात. इस्वातिनीने 'घरचे' सामने दक्षिण आफ्रिकेत खेळलेत. हैतीचं तर राजधानीतल्या टोळीयुद्धामुळे देशात खेळणंच बंद; त्यांचे प्रशिक्षक सेबास्तियाँ मिन्ये हैतीत पाऊलही न ठेवता संघ चालवत होते. घरचे सामने कुठे? कुरासाओच्या विलेमस्टाडमध्ये! आणि तिथेच निकाराग्वाला २-० हरवून हैती १९७४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र झाला, त्याच रात्री कुरासाओ किंग्स्टनमध्ये.

---

डावा विंगर

पैसे? एवढे प्रवास, हॉटेलं, तपासण्या. दीड लाखाच्या देशाला झेपतं कसं?

---

गुणतक्ता

फिफा फॉरवर्ड योजना. २०२३ ते २०२६ या चक्रात प्रत्येक सदस्य संघटनेला चालू खर्चासाठी ५० लाख डॉलरपर्यंत आणि प्रकल्पांसाठी ३० लाख डॉलरपर्यंत. जर्मनीलाही तेवढेच, सान मारिनोलाही तेवढेच. जर्मनीला तो चिल्लर खर्च, छोट्याचं वर्षाचं अंदाजपत्रक. शिवाय ज्यांचं उत्पन्न कमी त्यांना प्रवासासाठी वेगळी मदत. खेळाडू जखमी झाला तर क्लबला पगाराची भरपाई फिफाचा विमा देतो, २८ दिवसांच्या वर दुखापत गेली की, दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो. हे नसतं तर क्लबांनी काही ना काही दुखणं काढून खेळाडू अडवून ठेवले असते. तरी अडवतात म्हणा.

मात्र हे सगळं सदस्यत्व असेल तरच. फेरोला १९८८ मध्ये फिफाने घेतलं, जिब्राल्टरला २०१६ मध्ये. ग्रीनलँडने उत्तर-मध्य अमेरिकेच्या संघटनेकडे अर्ज केला होता, जून २०२५ मध्ये नाकारला गेला. खेळाडू आहेत, हौस आहे, सदस्यत्व नाही, म्हणून पात्रता फेरीही नाही.

---

मडगावकार

चौथा प्रश्न घेतो, कारण घाव आमच्या मडगावातल्या फातोर्ड्याच्या मैदानावरच बसला. १४ ऑक्टोबर २०२५, आशियाई चषकाची पात्रता फेरी, भारत विरुद्ध सिंगापूर. भारताच्या छांगटेने १४व्या मिनिटाला गोल केला, मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर दुसरा मारला, १-२, आणि २०२७ चा आशियाई चषक गेला. साँग जन्माने कोरियन, सिंगापूरच्या लीगमध्ये वाढला, नागरिकत्व घेतलं आणि खेळला. झेरॉक्सवाल्यांनी सांगितलेली वास्तव्याची वाट ती हीच.

दुसरीकडे बांगलादेश. हम्झा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मलेला, आई बांगलादेशी. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्धच पदार्पण, ०-०. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात भारत ०-१ हरला.

आपल्याकडे अडतं ते कायद्यात. राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाहीत, आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक देशाकडून खेळू शकत नाही. परकीय पासपोर्ट सोडला तरच. जपानी इझुमी अराता यांनी तो सोडला आणि २०१३ मध्ये खेळले. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा सोडला. त्याची आई मुंबईत जन्मलेली. ऑस्ट्रेलियाकडून तो एकच मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, म्हणजे बांधलेला नव्हता. तरीही संघटना बदलाची परवानगी वेळेत न आल्यामुळे ढाक्यात तो खेळू शकला नाही.

गोव्यात तर हे उलट्या दिशेने चालतं. १९ डिसेंबर १९६१ आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. ते घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा. म्हणजे त्या घरातलं चांगलं पोर इंग्लंड-पोर्तुगालात फुटबॉल खेळलं तरी भारताला त्याचा उपयोग नाही. केप वर्देही पोर्तुगालचीच वसाहत होती, स्थलांतरही त्याच लिस्बनकडे, पण त्यांनी नाळ कायद्याने जोडून ठेवली.

---

डावा विंगर

मग सुरिनामसारखा क्रीडा पासपोर्ट इथे?

---

झेरॉक्सवाला

कायद्यात दुरुस्ती लागेल, नुसत्या परिपत्रकाने होणार नाही. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे, आणि फिफाला नागरिकत्वच हवं असतं. कार्डावर 'सिटिझन' छापलेलं असलं तरी भुलू नका. आणि समजा झालीच दुरुस्ती, तरी एक गोष्ट आत्तापासून फुकटात करता येते: परदेशातल्या भारतीय वंशाच्या पोरांची यादी, आजी-आजोबांच्या जन्माच्या मूळ नोंदींसकट. १९४७ आधी कराची किंवा लाहोरात जन्मलेले आजोबा कुठल्या देशाच्या भूमीवर जन्मले असं धरायचं, यावर ऐन वेळी वाद नको.

---

पेठेतला स्टॉपर

जाता जाता, कागदाचा एक मुद्दा राहिला: कार्डांची वही. पात्रता फेरीत वेगवेगळ्या सामन्यांत दोन पिवळी कार्डं पडली की पुढचा सामना बंद, आणि ही मोजणी फेरी संपेपर्यंत चालते. दक्षिण आफ्रिकेच्या तेबोहो मोकोएनाला एक कार्ड नोव्हेंबर २०२३ मध्ये, दुसरं जून २०२४ मध्ये. मार्च २०२५ मध्ये लेसोथोविरुद्ध तो खेळला, दक्षिण आफ्रिका २-० जिंकली. कुणाच्या लक्षातच नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी फिफाने सामना लेसोथोला ३-० दिला आणि दक्षिण आफ्रिकेचे तीन गुण कापले. एवढी मोठी संघटना, भरपूर कर्मचारी, तरी पात्र ठरेपर्यंत जीव टांगणीला. छोट्या संघटनेत हे काम बहुधा किट सांभाळणाऱ्याकडेच असतं. प्रत्येक सामन्यानंतर पंचांच्या अहवालातून कार्डं वहीत उतरवायची, तारीख आणि प्रतिस्पर्ध्यासकट, आणि संघ जाहीर करण्याआधी दुसऱ्या माणसाने ती वही तपासायची. फिफा आठवण करून देईल या भरवशावर राहू नये, ती जबाबदारी संघटनेचीच असते.